शेषरावजींची जामीनकी

१२ ऑगस्ट १९३६, अमरावती

झाली सही! शेषरावजींनी दोन्ही कागदांवर केली. एक दाखला — गोवर्धन, म्हणजे मी, आमच्या कापसाच्या जिनात कायम नोकर आहे म्हणून. दुसरी जामीनकी — गोवर्धनने कर्ज बुडवलं तर मी भरीन म्हणून. वाटलं होतं, हेडक्लार्क माणूस, सतरा प्रश्न विचारतील. एकही विचारला नाही. वरसुद्धा पाहिलं नाही. "आन इकडं," म्हणाले आणि टाक दौतीत बुडवला.

आणि मी? मी मागच्याच रविवारी अकोल्याला जाऊन तिथल्या जिनाला हो म्हणून आलोय. सप्टेंबरअखेर रुजू व्हायचं. घरात माय आणि बायको मनकर्णा, दोघींनाच ठाऊक.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच माझी लबाडी शहाणपणाची वाटायला नको. सूर्यभान मळा विकतोय. बाप होता तेव्हापासून तो मळा आमच्याकडे मक्त्याने. तिथली शेवंती नि झेंडू माय अंबादेवीच्या पायरीशी बसून विकते. परतवाड्याचा एक लाकूडवाला टपलेला आहे — विहीर बुजवून वखार घालणार म्हणतो. बँक मळा गहाण ठेवून कर्ज देते, पण नोकरी कायम हवी. नव्या नोकरीत वर्ष काढल्याशिवाय अर्ज हातात धरत नाही. इथली नोकरी कायम, पण इथल्या पगारात हप्ता भरला तर चूल पेटत नाही. अकोल्यात पगार दीडपट, पण तिथे मी नवा. इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हा कर्ज काढायचं इथल्या नोकरीवर आणि फेडायचं तिथल्या.

हिशोब चोख आहे. फक्त मधे शेषरावजी उभे आहेत. मला मॅट्रिकनंतर ज्यांनी हाताला धरून टेबलाशी बसवलं, ते.

१४ ऑगस्ट

बँकेच्या कमिटीपुढे उभा राहिलो. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "नोकरी सोडण्याचा बेत नाही ना?"

"छे!"

कर्ज मंजूर. घरी येईपर्यंत कान तापलेले होते. मायने विचारलं, "ऊन लागलं काय रे?" हो म्हटलं.

१७ ऑगस्ट

पोळा. सगळे बैल धूत होते, मी सूर्यभानच्या दारात. म्हटलं, खरेदीखत लगेच करून टाकू. तो शिंगांना रंग लावता लावता म्हणतो, "उद्यापासून धोंड्याचा महिना. म्या अधिकात जमीन नाई इकत. माह्या बापानंबी नाई इकली."

"मग आजच बोलणी पक्की करू."

"आज पोया. आज बैलाचा दिस. मानसाचं काम मानसाच्या दिवशी."

लाकूडवाल्यालाही हेच सांगितलंय म्हणाला, म्हणून बरं. पण म्हणजे अख्खा महिना! खरेदी झाल्याशिवाय बँक पैसे सोडणार नाही, पैसे सुटल्याशिवाय मी नोकरी सोडू शकत नाही. अख्खा महिना शेषरावजींच्या समोरच्या टेबलाशी हेच तोंड घेऊन बसायचं.

२९ ऑगस्ट

राजीनामा लिहून ठेवला. तारखेची जागा कोरी.

६ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. लिहितो.

काल ऑफिस सुटताना शेषरावजी म्हणाले, "उद्या जेवाले ये घरी. आमाले ना पोरगी, ना जावाई. अधिक कोरडा जाऊन राह्यला. आशाबाईनं हट्टच धरला — गोवर्धनले बलवा."

जावयाचा पाट मांडला होता. भोवती रांगोळी. त्यांच्या पत्नीने, आशाबाईंनी, कपाळाला कुंकू लावलं, पायावर पाणी घालायला निघाल्या तेव्हा मी पाय ओढून घेतले. "बस रे, लाजून काहून राह्यला," म्हणाल्या. ताटात तूप घातलेले धोंडे. धोतरजोडी. माझं खऱ्या सासऱ्याने कधी इतकं कोडकौतुक केलं नव्हतं, आणि त्याला मी फसवलंही नव्हतं.

पुरण गोड होतं. एकच धोंडा किती वेळ मोडत बसलो. शेषरावजी समोर बसले होते, त्यांचं ताट जसंच्या तसं. मी म्हटलं, तुम्ही घ्या ना जी. "मले भूक नाई." आशाबाई लगेच, "आजच नाई काई. महिना झाला, असंच. दोन घास खातेत अन् उठतेत. वैद्याचं चूरन झालं, काढा झाला."

मला वाटलं, वय झालं. खरं सांगायचं तर तेवढाही विचार केला नाही. मी माझंच तोंड लपवण्यात गुंतलो होतो.

धोतरजोडी मनकर्णेने पेटीत ठेवली. "नेसाल तेव्हा सांगा," एवढंच बोलली. तिचं थोडं बोलणं फार लागतं.

१३ सप्टेंबर

अकोल्याहून विचारणा — नक्की येताय ना? येतोय म्हणून कळवलं. शेषरावजी समोर बसून आमच्या ऑफिसचं नवं वेळापत्रक आखत होते. त्यात माझं नाव दोनदा.

२२ सप्टेंबर

मळा आमचा झाला!

खरेदीखत आणि बँकेचं गहाणखत एका दिवसात. जामीनदार म्हणून शेषरावजींना रजिस्ट्रीत यावं लागलं. त्यांनी सही केली तेव्हा मी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. सूर्यभान पैसे मोजून झाल्यावर मायला म्हणाला, "मावशी, विहीर उपसत जा बरं वर्सावर्सी." माय त्याच्यावरच उखडली, "तुह्या बापाच्या वक्तापासून मीच उपसून राह्यली."

संध्याकाळी तिने अनवाणी सगळा मळा फिरून पाहिला. रोज पाहते तोच. मग विहिरीच्या काठावर बसली. "आता मले इथून कोनी ऊठ म्हननार नाई."

मला रडू आलं. आनंदाचं होतं. निदान अर्धं तरी.

उठताना म्हणाली, "पैलं फूल तोडलं का शेषरावच्या देवाले हार नेऊन दे. त्या मानसानं आपल्यासाठी मान अडकवली."

२४ सप्टेंबर

आज राजीनामा द्यायचाच म्हणून लवकर गेलो. तारीख घालून कोटाच्या खिशात. शेषरावजी माझ्याही आधी आलेले. मला मागे, रिकाम्या गोदामाकडे घेऊन गेले.

"बस गोवर्धन. मले तुले एक सांगाचं हाये."

मला वाटलं, कळलं! अकोल्याचं कुणीतरी बोललं. हात खिशातल्या कागदावर गेला.

"मालक जीन इकून राह्यले," ते म्हणाले. "दिवाईच्या आत हापिस बंद. मले आखाडापासून ठाव होतं. कोनाले सांगाचं नाई म्हनून मालकानं शपथ घातली होती. तरी म्या तुह्या दाखल्यावर कायम लेयलं. खोटं लेयलं मी. तुले सांगतलं असतं तं तू अर्जच नसता केला, अन् तुह्या मायची जागा गेली असती. नाई सांगतलं तं हप्ता तुह्या मानेवर अन् नोकरी नाई. काय करावं, काई सुचेना. म्हनून जामीन राह्यलो. म्हटलं, पोट्ट्यावर आलं तं आपल्यावर येऊ दे. आपलं वावर हाये थोडंसं."

मग त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे! "म्या तुले फसवलं बाप्पा. माफ कर."

हीच वेळ होती. खिशात हात घालून कागद काढला असता, "मीसुद्धा जी" म्हटलं असतं, तर दोघंही तिथेच हसलो असतो कदाचित. मी म्हणालो, "असू द्या जी. मी अकोल्याकडे बघतो काहीतरी."

"हाव हाव, जा, पाह्य लवकर." त्यांनी मालकाला सांगून मला एक महिन्याचा पगार जास्तीचा देवविला. तो मी घेतला. घेतला!

२५ सप्टेंबर

का नाही बोललो? कारण बोललो असतो तर माझं खोटं त्यांच्या खोट्याशेजारी ठेवलं गेलं असतं. त्यांचं माझ्यासाठी होतं. माझंही माझ्यासाठीच. त्यांनी माफी मागितली आणि ती मी राजीनाम्याशेजारी खिशात घालून घरी आलो.

मनकर्णा म्हणाली, "अजूनही जाऊन सांगा."

म्हटलं, पितृपक्ष येतोय, त्यानंतर.

"खरं बोलाले मुहूर्त कवापासून लागाले लागला?" तिने विचारलं आणि दिवा घेऊन आत गेली.

४ ऑक्टोबर, अकोला

रुजू झालो. खोली बरी. काम ओळखीचंच. अमरावतीत सांगून ठेवलंय की मावसभावाकडे राहून नोकरी शोधतोय. इतक्या लवकर लागली म्हटलं तर शेषरावजी तारखा जुळवतील. मायलाही तेच सांगायला लावलं. मायने आयुष्यात शिळं फूल ताजं म्हणून विकलेलं नाही. ती देवीच्या पायरीवर बसून आशाबाईंना सांगते — शोधून राह्यला बाई, अजून लागलं नाई.

दसरा, अमरावती

सोनं द्यायला शेषरावजींकडे गेलो. गळ्याची हाडं वर आलेली. कोट दुसऱ्याचा वाटत होता. आशाबाई हळूच म्हणाल्या, "जेवनच जात नाई. रातीचे उठून बसतेत. इचारलं तं म्हनतेत, त्या लेकराची वाट लावली म्या."

आपट्याची पानं हातात दिली. त्यांनी विचारलं, "लागलं काय रे कुठी?"

सोन्याच्या दिवशी, सोनं त्यांच्या हातात असताना, मी म्हणालो, "बघून राहिलो जी."

"म्याबी पाहून राह्यलो," ते म्हणाले. मला वाटलं, स्वतःसाठी म्हणतात.

वाटेत तीनदा परत फिरलो. तिन्ही वेळा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंतच. गेलो असतो तर आधी दसऱ्याचं खोटं कबूल करायचं, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं. धीर झाला नाही. मी भित्रा माणूस आहे. मळ्याचा मालक झालो म्हणून काही फरक पडला नाही.

६ नोव्हेंबर, अकोला

आज शेषरावजी आले. इथे, ऑफिसात.

मॅनेजरांनी हाक मारली म्हणून गेलो, तर समोर ते उभे. टोपी हातात, अंगावर प्रवासाची धूळ. मॅनेजर म्हणाले, "हे गृहस्थ अमरावतीच्या कुणा गोवर्धनची शिफारस घेऊन आलेत. तुम्हीच का?" महिनाभर जिनाजिनातून फिरत होते. माझ्यासाठी.

बाहेर आणून बाकावर बसवलं. "कवापासून रे?"

"ऑगस्टातच ठरलं होतं जी. तुमच्या सहीच्या आधी."

शिवीची वाट पाहत उभा राहिलो. चपलेने मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे म्या तुही वाट नाई लावली."

"नाही जी."

"तवाच सांगतलं असतं तं —" त्यांनी डोळे पुसले, टोपी घातली. "इथं जेवाले कुठी भेटते? लय भूक लागली बाप्पा."

खानावळीत त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. मी वाढायला सांगत होतो. मान वर करून सांगता येत नव्हतं.