‘तिसरा मजला’ची यादी

१२ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे काउंटरवर तसंच ठेवलं असशील, दोन-चार गिऱ्हाइकांचे चष्मे आधी हातावेगळे केले असशील आणि मग फोडलं असशील. माझी हरकत नाही. फोन मी तीनदा केला. तिन्ही वेळा तू "आईला देते" म्हणालीस आणि आईने मला तिन्ही वेळा गुडघ्यांची हकीकत सांगितली. उजवा ऐकतोय, डावा रुसलाय, हे मला आता पाठ झालंय. म्हणून हे पत्र. हे काही तुला आईच्या हातात देता येणार नाही, कारण तिला तिचा चष्मा सापडत नसणार. लेकीचं दुकान चष्म्याचं आणि आईची ही गत!

मी बरी आहे. गाण्याच्या शिकवण्या चालू आहेत. घसा सकाळी धरतो आणि दुपारी सुटतो.

बातमी अशी की रेकॉर्ड कंपनीने आपल्या ‘तिसरा मजला’ बँडचं सगळं ध्वनिमुद्रण एका पेटीत पुन्हा काढायचं ठरवलंय. बँड बंद पडून तेरा वर्षं झाली, पण तेव्हा जन्मलेली मुलं म्हणे आता आपली गाणी ऐकतात. सोबत एक पुस्तिका असेल, त्यात कोणत्या गाण्यात कोणी काय केलं याची यादी. ती करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बटण्याला सांगितलं असतं तर त्याने मशिनांची नावं लिहिली असती आणि माणसं विसरला असता. मावसभाऊ आपला असला तरी जीव त्याचा बटणांतच.

तर गेला आठवडा मी आमचं सगळं ओळीने ऐकतेय. आधी पहिला अल्बम, ‘तळमजला’. कॅसेट, सहा गाणी. ठेक्याचं मशीन मागून आणलेलं, त्याला दोनच ठेके येत होते, एक हळू आणि एक फार हळू. मी सगळीकडे घाईत गातेय, कारण मशीन संध्याकाळी परत द्यायचं होतं. तरी त्यात काहीतरी आहे. आम्हाला काही येत नव्हतं आणि त्याची लाजही नव्हती.

तिसरा ‘पोटमाळा’. त्यात बटण्याने पहिली तीन मिनिटं नुसती घरघर ठेवली होती. लोक कॅसेट बिघडली म्हणून दुकानात परत करायला गेले, आठवतं? चौथा ‘गच्ची’, सीडीवर आला. तो ऐकणारे जगात दोघंच, मी आणि बटण्या, आणि बटण्याही मधूनच उठतो.

दुसऱ्याबद्दल काय लिहायचं, ‘जिना’ सगळ्यांना माहीतच आहे.

ज्यांची नावं पुस्तिकेत येणार त्या प्रत्येकाची सही कंपनीला हवीय. सोबत फॉर्म आहे. ‘जिना’मध्ये तुझं नाव मी ‘मदत’ या सदरात घातलंय. वायरी जोडणं, वह्या सांभाळणं वगैरे. इतकी वर्षं तेवढंही नव्हतं, तेव्हा तुला बरं वाटेल. फुलीच्या जागी सही कर आणि पाठव.

आईला सांग, डाव्या गुडघ्यालाही विचारलंय.

तुझी
ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

फॉर्म मिळाला. सही नाही, नुसती एक ओळ: "मदत म्हणून माझं नाव नको. काहीच नसलं तरी चालेल."

दोन दिवस मी तुझ्यावर चिडले. शिकवणीतल्या मुलींना विनाकारण ओरडले. तिसऱ्या दिवशी मशिनात कपडे घालता घालता स्वतःलाच म्हणाले, बाई गं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? पहिल्या पत्रात ‘तळमजला’वर लिहिलं, ‘पोटमाळा’वर लिहिलं, जी कोणी ऐकत नाही त्या ‘गच्ची’वरही लिहिलं. आणि ज्या एका गाण्यावर आमचं पोट भरलं त्याचं नावही काढलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तर काढते. ‘जिना’तलं ‘मोजून बारा’.

त्या दिवसाचं तुला माहीत आहे तेवढं आधी लिहिते, कारण मी ते आजवर कुणापुढे बोललेले नाही. बटण्याची तिसऱ्या मजल्यावरची खोली. गाणं बसवताना आधी एक कच्चा आवाज घ्यायची आमची पद्धत होती. मशीनचा ठेका लावून कुणीतरी नुसतं गाऊन ठेवायचं, बटण्या त्यावर बाकीची मशिनं लावायचा आणि मग मी खरं गाऊन तो कच्चा आवाज पुसायचे. त्या दिवशी फ्यूज उडाला, मी नवा आणायला खाली गेले. बटण्याने तेवढ्यात कुठूनतरी तार ओढून काम चालू केलं आणि कच्चा आवाज द्यायला तुला उभं केलं. तू एकोणीस वर्षांची होतीस. वहीतून बघून गायलीस. एकदाच.

मी वर आले तेव्हा बटण्या ते परत वाजवत होता. मी दारातच ऐकलं. चिमे, मला त्याच क्षणी कळलं. माझ्याने ते व्हायचं नाही हे कळलं. म्हणून मी म्हणाले, "कच्चंय. पुसून टाक."

बटण्याने पुसलं नाही. मी अकरा दिवस गात होते. मी आवाज चढवला, उतरवला, मशीनला दोष दिला, खोलीला दोष दिला. "अंगणच वाकडं म्हणायचं," बटण्या म्हणाला. बाराव्या दिवशी मी हरले आणि म्हणाले, तिचाच ठेव, घरचाच आवाज आहे, नाव माझं जाऊ दे. तू जिन्यात बसली होतीस. तू विचारलंस, "ताई, माझं नाव बारीक अक्षरात तरी?" आणि मी म्हणाले, "आधी नीट गायला शीक."

हे वाक्य तू विसरली नाहीस हे मला ठाऊक आहे. मीही विसरले नाही. तू त्यानंतर गायलीच नाहीस आणि मी मात्र मुलाखतींतून सांगत फिरले की ते गाणं मी एका दमात म्हटलं. नऊ वर्षं प्रत्येक कार्यक्रमात त्या गाण्याला तुझी टेप वाजायची आणि मी ओठ हलवायचे. पहिलं वर्षभर ते बटण दाबायला पडद्यामागे तूच उभी होतीस. मी तुला तेही करायला लावलं. लाज वाटते, चिमे. तेव्हाही वाटत होती, पण टाळ्यांमध्ये ऐकू यायची नाही.

आता तुला माहीत नसलेलं लिहिते. मलाही मंगळवारीच कळलं.

बटण्याने जुन्या टेपची धूळ झाडून प्रत्येक आवाज वेगळा काढून पाठवलाय. एका फाइलीत नुसतं वाजवणं, एकीत नुसता तुझा आवाज. त्या गाण्यातले ते ठोके आठवतात ना? मध्येच एक लवकर पडतो, पुढचा उशिरा येतो. लोकांनी त्यावर लेख लिहिले. बटण्याला वाटायचं मशीनमध्ये बिघाड झाला होता, आणि तो बिघाड परत आणायला त्याने पुढे तीन मशिनं खोलली. तर ते ठोके मशीनच्या फाइलीत नाहीतच. तुझ्या आवाजाच्या फाइलीत आहेत. म्हणजे ते खोलीतल्या माइकने पकडलेत. मी आवाज मोठा केला. तिसऱ्या कडव्यानंतर, ठोक्यांच्या मागे, खूप लांबून एक बाई ओरडतेय. "अरे कुणी आहे का वर! काढा मला!"

ती मी आहे. फ्यूज घेऊन येताना लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. पंचवीस मिनिटं मी लोखंडी दारावर तळहात आपटत होते. तुम्हा दोघांच्या कानांवर हेडफोन. वर येऊन मी तुम्हाला शिव्या घातल्या होत्या, पण माझं ठोकणं टेपवर गेलंय हे तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईला बावीस वर्षं मशीनचा ठेका समजणारे आपणच!

आणि हेडफोनमधून ते तुला ऐकू येत होतं. मशीनचाच ठेका समजून तू त्यावर गायलीस. मी जिथे उशीर केला तिथे तू थांबलीस, मी घाई केली तिथे धावलीस. पुढे अकरा दिवस तुझी टेप कानात लावून मी माझ्याच ठोक्यांवर गायचा प्रयत्न करत होते आणि मला जमलं नाही. तुला पहिल्या खेपेला जमलं.

मी हे ऐकून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि रडले. मग तोंड धुतलं आणि कंपनीला फोन केला.

ताई


११ मार्च

प्रिय चिमे,

काय काय झालं ते सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा काही लपवलं असं व्हायला नको.

कंपनीचे व्यवस्थापक फार गोड बोलतात. काचेच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, बावीस वर्षं लोक तुमचा आवाज म्हणून ऐकतायत. झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडताय?"

मी म्हटलं, "मूठ माझी नाहीच, ती बहिणीची आहे. मी नुसती धरून बसलेय."

"लोक तुम्हाला खोटं म्हणतील."

"खरंच म्हणतील."

मग ते म्हणाले, पुस्तिकेत एवढी जागा नाही. मी यादी काढून दाखवली. एका नावाच्या जागी दुसरं नाव, जागा तेवढीच. मग म्हणाले, वरिष्ठांना विचारतो. मी म्हटलं, विचारा, मी बसते. दोन तास बसले. शेवटी स्पष्ट सांगितलं: हे गाणं खऱ्या नावाने जाईल, नाहीतर माझी सही कुठल्याच गाण्याला नाही. मग काढा पेटी नुसत्या बटण्याच्या घरघरीची. बटण्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "मला चालेल." त्याला खरंच चाललं असतं.

वरिष्ठ कबूल झाले. फॉर्म नव्याने छापला.

शिकवणीतल्या मुलींनाही सांगितलं. त्यांना ते गाणं मी ‘माझं’ म्हणून शिकवत होते. दुसऱ्या दिवशी सातातल्या पाच आल्या. दोघी येणार नाहीत असं दिसतं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

आणि मग रविवारी तुझा फोन. मी चपापले, आईला काही झालं की काय. तू म्हणालीस, "ऐकते आहेस का? माफबिफ केलेलं नाही." मी म्हटलं, बरं. तू म्हणालीस, "पण यादी करतेस तर पुरी कर. ठोके कोणी दिले? तेही लिही. अर्धी यादी मला चालत नाही, मी दुकान चालवते." मी हसायला लागले, तूही थोडी हसलीस, नाही म्हणू नकोस, मी ऐकलं. मग लगेच म्हणालीस, "आईला देते."

आईने सांगितलं की परवा तू दुकानात काचा घासताना काहीतरी गुणगुणत होतीस. तिला आजकाल कमी ऐकू येतं, तेव्हा मी भरवसा ठेवत नाही. पण मी तिला दोनदा विचारून घेतलं.

नवा फॉर्म सोबत आहे. तू सही केलीस तर पेटी निघेल. नाही केलीस तर मी गाणं पेटीतून काढायला लावीन, पण माझ्या नावाने ते पुन्हा जाणार नाही. तो विषय माझ्यापुरता संपला. फुली मारलेली नाही. सही कुठे करायची ते तुझं तू बघ.

मी यादी इथे उतरवते. शुद्धलेखन तेवढं तपास.

‘मोजून बारा’.
मशिनं: बटण्या.
आवाज: चिमी.

आणि तू सांगितलेली राहिलेली ओळ इथेच, खाली सहीत घालतेय.

तुझी
ताई
(ठोके, अडकलेल्या लिफ्टमधून)