भैरूचा पडदा

मी, चिमाजी मल्हारी बोरगे, वय अदमासे बासष्ट, धंदा नाटकांचे पडदे रंगवणे, मूळ राहणार पुनावळे, हल्ली मुक्काम चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे, आपल्या राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दम्याने बेजार आहे, पण डोके जागेवर आहे आणि रंग अजून ओळखता येतात. कोणाची जबरदस्ती नाही. लिहून घेणारे आबाजी गुरुजी "हा मजकूर मृत्युपत्रात कशाला?" असे मधूनमधून विचारतात. त्यांनी लिहीत राहावे.

कलम १. चिंचवडचे माझे राहते घर माझ्यामागे माझा मुलगा हिंदुराव याचे. पावसाआधी कौले तोच चाळतो, तेव्हा घर त्याचेच.

कलम २. घराची मागची पडवी मात्र त्यातून वगळली आहे. ती कैलासवासी भैरू याची बायको सोजराबाई हिने हयात असेपर्यंत वापरावी. तिच्याकडे भाडे मागू नये, तिला उठवू नये. हे मी उपकार म्हणून देत नाही.

कलम ३. त्याचे कारण असे. सन १९५१ साली माझी सून सुभद्राबाई बाळंतपणात अडली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेली. मुलगी सुखरूप झाली, पण सुनेचे रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, घरच्यांपैकी कोणीतरी रक्त द्या. हिंदुरावाचे जुळले नाही. दम्यामुळे माझे नको म्हणाले. राहिला माझा धाकटा भाऊ उद्धवराव, अंगाने पैलवान. तो म्हणाला, "रगत दिल्यावर नांगर कुनी धरायचा? मला न्हाई जमायचं." आणि पान खाऊन येतो असे सांगून गेला तो थेट पुनावळ्यालाच गेला.

आमच्या पडवीत राहणारा भैरू सुनेची खाट उचलायला म्हणून सोबत आला होता. हा बीडकडचा, पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर मजूर. तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "माझं बघा की जुळतंय का. नसंल जुळत तर नका घेऊ." त्याचे जुळले. सून वाचली.

कलम ४. राजवाडा, जंगल, रस्ता आणि देऊळ हे माझे चार भाड्याचे पडदे हिंदुरावाने विकावेत किंवा ठेवावेत. जंगलाच्या पडद्यातला वाघ बिघडला आहे, हे मला ठाऊक आहे. कोणी दुरुस्त करू नये, पोरांना तो आवडतो.

कलम ५. पाचवा पडदा मी कधी भाड्याने दिला नाही. मांजरपाटावर मी एक खाट काढली. खाटेवर दंडाची बाही सारलेला माणूस, दंडातून बाटलीत जाणारी लाल नळी, पलीकडच्या खाटेवर लेकरू घेतलेली बाई. माणसाचे तोंड भैरूचे. त्याला विचारून काढले. म्हणाला, "मिशी जरा दाट काढा." जत्रेच्या नाटकाला जे गाव हा पडदा आधी लावील, त्याला बाकीचे फुकट, असे मी ठरवले.

पहिल्यांदा पुनावळ्यात लावला. बायकांनी तोंडे फिरवली. पंच ओरडले, "देवाच्या दारात रगत? उतरवा ते!" गर्दीतून कोणी म्हणाला, "ज्याचं रगत काढलं तो कवाच मेला आसंल." मागे भैरू शेंगा खात बसला होता. तो उठला, टरफले झटकली आणि पडद्यापुढे आपल्याच चित्राशेजारी येऊन उभा राहिला. "मी हितं हाय," म्हणाला. लोक हसले. मग एकाने त्याचा दंड चाचपून पाहिला, मग दुसऱ्याने. त्यानंतर भैरू प्रत्येक गावी माझ्याबरोबर आला. रक्त देऊन माणूस मरत नाही, हे सगळे सांगणे त्याचे, मी फक्त दोर ओढत असे.

सन ५५ च्या पावसाळ्यात भैरूला गवतात पान लागले, साप चावून तो गेला. लोक म्हणू लागले, "अंगात रगत कमी, म्हणून इख लवकर चढलं." एकेक गाव पडदा नको म्हणू लागले. मी तो गुंडाळून माळ्यावर टाकला. खोटे कशाला सांगू, मला वाटले संपले.

तो खाली काढला सुभद्राबाईने. हिंदुराव चिडला. "घरातली बाई स्टेजवर?" ती म्हणाली, "नाचायला चालले न्हाई. जिवंत हाय, एवढं दाखवायला चालले." महाळुंग्याच्या जत्रेत ती पडद्यापुढे उभी राहिली. पदर मुठीत घट्ट धरलेला. म्हणाली, "भैरूभावजी इखानं गेले, रगतानं न्हाई. त्यांनी रगत दिल्यावर किती वर्षं धडधाकट राबले, ते सगळ्यांनी बघितलंय. त्यांच्यामुळं माझी पोर आईविना वाढली न्हाई. दवाखान्यात रगत मागितलं तर पळू नका." कोणी टाळी वाजवली नाही. मी पडदा गुंडाळला. पण दिवाळीच्या सुमारास महाळुंग्याचा भिमाजी दारात आला, म्हणाला, "सासऱ्याला दिलं मी. बाईस्नी सांगा."

सबब हा पडदा सुभद्राबाईचा. तो कोठे लावायचा, हे तिने ठरवावे. हिंदुरावाने हरकत घेऊ नये, आणि दोर ओढायला बरोबर जावे.

कलम ६. कुंचले आणि रंगात मिसळायच्या सरसाचे भांडे नात मंजुळा हिला. भिंती रंगवल्या तर मारू नये.

कलम ७. वडिलांची जमीन वाटणीत उद्धवरावाकडे गेली, तीवर माझा दावा नाही. माझ्या मिळकतीतून त्याला काही नाही.

गुरुजी म्हणाले, ज्याला काही मिळणार तो साक्षीदार चालत नाही. काहीच मिळायचे नाही असा घरात एकच, म्हणून भिमाजीच्या जोडीला उद्धवला निरोप धाडला. तो आला. गुरुजींनी सर्व वाचून दाखवले. उद्धव खाली मान घालून ऐकत होता.

"दादा, तिसरं कलम काढ."

"खोटं आहे का?"

"न्हाई."

"मग राहू दे."

त्याने पाणी मागितले. सुनेने आणून दिले, ते प्यायला. मग गुरुजींना म्हणाला, "कुटं करू सही?"

हे बोलणेही माझ्या सांगण्यावरून येथे लिहिले असून, त्याखाली आम्ही सह्या केल्या आहेत.

मुक्काम चिंचवड, दिनांक ९ डिसेंबर १९५८.

लिहून ठेवणार: चिमाजी मल्हारी बोरगे

साक्षीदार:
१. भिमाजी, राहणार महाळुंगे
२. उद्धवराव मल्हारी बोरगे, राहणार पुनावळे. वरील सर्व मजकूर ऐकला. खरा आहे.