दारामागची तिसरी रेघ

३ नोव्हें., सोम.
सूनबाई स्नेहल गॅसवर दूध ठेवून परीचा फ्रॉक शोधायला गेली. फ्रॉक सापडला, दूध उतू. "आप्पा, मला एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय ना." तेवीस वर्षांची पोर, पदरात दीड वर्षाचं लेकरू. रोज एक गोळी घेते, तीही पाठ फिरवून. लेकाला विचारलं, तर अजय म्हणतो, "माझ्या बायकोच्या गोळ्या मोजू नका हां!" म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

४ नोव्हें.
स्नेहलचा फोन सारखा वाजतो. दचकून उठते. अजय मानकोलीला गोदामात ड्युटीवर, मग फोन कोणाचे? डोळ्यात तेल घालून बसलो.
अलार्म निघाले. 'परी पाणी', 'परी झोप'... आईला घंटा लागते का? बोललो नाही. तोंडावर दिसलं असणार.

६ नोव्हें.
परीला ताप. दारामागं खडूच्या दोन रेघा. पोर कोणाकडे त्याच्या खुणा असतील. दुपारी स्ने. आंघोळीला गेली, परी माझ्याकडे. मीही एक ओढली. चाळीस वर्षं लूमवर हेच केलं. शिफ्ट बदलली की कापडावर खडू, इथून पुढं माझं. हात आपोआप गेला.

७ नोव्हें.
ताप फार चढला, पहाटेच दवाखाना. कालचं दुपारचं औषध चुकलं. एक रेघ म्हणजे एकदा औषध पाजलं, असं होतं ते!
स्ने. रडत, "तिसरी रेघ होती हो. मीच ओढली असणार नि पाजायला विसरले."
अजय खेकसला, "खडू सापडला, बाटली नाय सापडली?"
ती रेघा पुसायला लागली. मी फडकं ओलं करून दिलं.
परी आता खेळतेय.

८ नोव्हें., शनि.
ठरलं म्हणे. उद्याच्या एसटीनं परी गणेशपुरीला, स्ने.च्या आईकडे. किती दिवस, कोणी बोलत नाही. स्ने. भांडी घासताना म्हणाली, "माझ्या हाती ती नकोच." मग वळून, "आप्पा, तुम्ही बघितलेल्या का रेघा? किती होत्या?"
"न्हाय बाय. लक्ष न्हवतं."
इतके दिवस लक्षच तर ठेवत होतो.
आता पिशवी भरतेय. एकेक कपडा काढून पुन्हा बघते, पुन्हा ठेवते. आतून हाक आली, "आप्पा, औषधाची बाटली दिसली का हो? की तीपण मीच कुठं टाकली?"
बाटली माझ्यापुढं, वहीशेजारी. मघाशी मीच उचलून आणली, किती उरलंय बघायला.
"आणतो," म्हटलंय. अजून उठलो नाही.