आमची हेल्प

२ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. वहिनी नोकरीवर जायला लागल्यापासून दोन्ही पोरं दिवसभर माझ्याच गळ्यात पडलेली असतात. तरी संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला मी दांडी मारत नाही.

काल दादाच्या ऑफिसातले लोक जेवायला आले होते. मी वाढत असताना दादाने माझी ओळख करून दिली, शी इज अवर हेल्प अशी. हेल्प म्हणजे मदत, एवढं मला येतं. चारचौघांत तो माझं कौतुक करेल असं वाटलं नव्हतं गं. मी बरोबर समजले ना? तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, म्हणून विचारते.

पत्राची वाट बघते. लोभ आहेच.
तुझी धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

अगदी बरोबर समजलीस. तुझी त्याला केवढी मदत होते, ते त्याने बोलून दाखवलं, इतकंच. उगाच एकेका शब्दाचा कीस काढत बसू नकोस. वहिनीला सांभाळून घे. तू तिथे आहेस म्हणून आम्ही इकडे निर्धास्त आहोत.

माया आहे, ती वाढू दे.
ताई

६ मार्च

ति. ताईस,
सा. न.

वर्गात बाईंनी हेल्प शब्दाचं वाक्य करायला सांगितलं. मी तोऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, आय ॲम द हेल्प इन माय ब्रदर्स हाऊस. बाईंनी लगेच पुढचीला उभं केलं. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि भाऊ पगार देतो का, असं विचारलं. मग समजावलं, की एखाद्या बाईला अवर हेल्प म्हटलं, की त्याचा अर्थ होतो आमची कामवाली.

दादाला विचारलं. पेपरातून मान वर न करता तो म्हणाला, की बहीण म्हटलं असतं तर लोकांनी चौकशा केल्या असत्या, ही शिकली का नाही, हिचं लग्न का नाही झालं.

त्याचं लागलंच. पण ताई, तुला अर्थ माहीत होता. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गुणगुणत त्याचे शर्ट इस्त्री केले.

मी वर्गातल्या मैत्रिणीच्या खोलीवर राहायला आले आहे. एका लाँड्रीत कामाला लागले. निघताना छोटा भाचा दार सोडेना, त्याची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

लोभ आहे, तो राहीलही. पण यापुढे एखादा शब्द अडला, तर तुला विचारणार नाही.

धाकटी