दिवसाची लाईन

१२ जानेवारी, सोमवार

झालं! झालं एकदाचं! धनजकडच्या शेतीपंपांच्या फीडरला दिवसाची लाईन मंजूर. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपलं की चालू.

फोन आला तेव्हा ऑफिसात जनता दरबार भरलेला. एक बाप पोराच्या बदलीसाठी रडत होता – पोरगा गडचिरोलीला नोकरीला, म्हणून सोयरीक मोडतेय म्हणे. मी फोनवर "हो साहेब, हो साहेब" करतेय आणि तो समजतोय बदलीचंच चाललंय. गोविंदानं – आमचा पीए, पूर्वी फटाक्यांचं दुकान होतं त्याचं – बातमी मोठ्यानं सांगितली आणि अख्खा दरबार उठून उभा राहिला.

या फीडरला गेली दीड वर्षं फक्त रात्रीची लाईन. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर अंधारात जा. मागच्या हिवाळ्यात रतनसिंगला पाणी वळवताना साप चावला, तो वाचला नाही. भेटायला गेले तर त्याच्या बायकोनं, धनीबाईनं, चहा पुढं केला. तो चहा माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही. विधानसभेत प्रश्न टाकला. छापील उत्तर आलं – "हे खरे नाही." तेव्हापासून वीज कंपनीच्या साहेबांच्या दारात ठाण मांडून होते.

खूश व्हायला हवं. झालेही. पण आमदार झाल्यापासून मला चांगल्या बातमीचीच धास्ती वाटते.

१३ जानेवारी, मंगळवार

वाशीमला नियोजन समितीची बैठक. बोलायला उठले की उजवा हात थरथरतो. टेबलाखाली धरून ठेवते. पेपरवाले लिहितात, "पल्लवीताईंनी प्रशासनाला धारेवर धरले." धरलेला असतो तो माझाच हात.

१४ जानेवारी, बुधवार

गावभेटी. दुपारी वरच्या तांड्यावर. गाडी नाल्यापाशी ठेवून वावरातून पायी.

धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं तार ओढलेली. बांबूच्या खुंट्या, गुडघ्याएवढ्या, त्यावर उघडी तार. शेळ्या तिच्यावरून उड्या मारून राहिलेल्या. गोविंदानंही पाय उचलून टाकला पलीकडं.

"हे काय हो नाईक?" देवला नाईकाला विचारलं.

"रोह्यासाठी हाये मॅडम. नीलगाईचे कळपच्या कळप येते, हरभरा बोडकाच करून टाकते. रात्री लाईन आली का तार जित्ती होते. दिवसा मुडदा हाये ते. पाह्य ना हात लावून!" आणि त्यानं मुठीत धरली.

मीही लावला हात. गार होती. मग आमदारानं जे बोलायचं असतं ते बोलले – गुन्हा आहे, माणूस मरेल, जेलात जाल. सगळे हसले. "तुमी रोही आवरा, आमी तार काढतो!" रुपाबाईनं तीळगूळ हातावर ठेवला. तिची नात मंजू, सहावीतली, तारेला ओढणी वाळत घालत होती. शाळा खाली गावात. सगळी पोरं याच धुऱ्यावरून जातात, बाकी वाट नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी इंझोरीत सत्कार. शाल, नारळ, फेटा. माइक हातात दिला. "आता माझ्या शेतकऱ्याला रात्री जावं लागणार नाही. लाईन दिवसा येईल—"

आणि कालचा धुरा डोळ्यापुढं आला.

लाईन आली की तार जिवंत होते. लाईन दिवसा येणार. कोणी मुद्दाम तार जोडत नाही, कोणी सोडत नाही. ती बारा महिने खांबावर आकडा टाकून तशीच असते. लाईन नाही म्हणून दिवसा मेलेली. सव्वीसला, झेंडावंदनानंतर, पोरं त्याच धुऱ्यावरून परत तांड्यावर येतील तेव्हा ती जिवंत असेल. आणि ती जिवंत करायला मीच मागं लागले होते!

लोकांना वाटलं ताईंचा कंठ दाटून आला. टाळ्या वाजवल्या. माइक खाली पडला हातातून, त्यावरही टाळ्या.

गाडीत बसल्यावर पहिलं सांगितलं – उद्या परत तांड्यावर.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज परत तांड्यावर. नीट समजावून सांगायचं ठरवून गेले. सभामंडपात सगळ्यांना बसवलं. सरळ बोलले – दिवसा करंट येणार, तारा आधी काढा, पोरांचा जीव जाईल.

"कोनती तार मॅडम?" – देवला नाईक! ज्यानं परवा मुठीत धरून दाखवली, तो!

"आमच्याकडं नाई. खालच्या गावात असन."

"खालच्या गावात असन तं असन," मागून दुसरा बोलला.

खालच्या गावात विचारलं तर ते म्हणाले, तांड्यावर असेल. म्हणजे सव्वीसपर्यंत कोणाचीच तार नाही आणि सगळ्यांच्या धुऱ्यावर तार आहे. चुकलं माझंच. परवा मीच गुन्हा-गुन्हा, जेल-जेल करून आले. आता कबूल कोण करणार? निघताना रुपाबाई कानाशी म्हणाली, "बाई, खरं सांग. तू कोनाले पकडाले येऊन राह्यली?"

साहेबांना फोन केला. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, लेखी द्या. पण लेखी आलं की मला केसेस कराव्या लागतील. कनेक्शनं तोडावी लागतील." गहू ओंबीवर आलाय. आत्ता पाणी तोडलं तर सगळा तांडा ऊसतोडीला निघेल. तारीख पुढं ढकला म्हटलं, तर तेही जमेना – बटण दाबायला मुंबईहून मोठे पाहुणे येणार, बॅनर लागले. बॅनरवर माझाच फोटो, हात जोडलेला. या कोपऱ्यावर, त्या कोपऱ्यावर, जिथं जाईन तिथं मीच माझ्यापुढं हात जोडून उभी.

१७ जानेवारी, शनिवार

धम्मपाल अकोल्याहून आले. कॉलेजवर शिकवतात, शनिवारचे येतात. सगळं सांगितलं. म्हणाले, "लेखी देऊन मोकळी हो. तुझ्यावर बालंट नको."

नवऱ्याला माझ्यावरच्या बालंटाची काळजी. मला मंजूच्या ओढणीची.

१८ जानेवारी, रविवार

घास उतरत नाही. आई – सासूबाई, पण मी आईच म्हणते – ताटासमोर बसून राहिल्या. "काहून खाऊन नाई राह्यली वो? थांब, वावरातून हरभऱ्याची भाजी खुडून आनतो. राजपालनं उशिरा पेरला, कोवळा हाये अजून." राजपाल म्हणजे माझा धाकटा दीर. वावर तोच पाहतो. मी म्हटलं, "नको आई, सध्या काहीच नको." ही भाजी माझा जीव की प्राण आहे, हे लग्नापासून लक्षात ठेवलंय त्यांनी.

डोळे मिटले की धुरा दिसतो.

१९ जानेवारी, सोमवार

दरबार. गर्दी फार. माझ्या डोक्यात कोणाचं काही शिरत नव्हतं. तेवढ्यात एक म्हातारा गोविंदाला हळूच विचारत होता – "पथक येऊन राह्यलं म्हन्ते, खरं काय बाप्पा?" वीजचोरी पकडणारं भरारी पथक. त्या एका शब्दानं आजूबाजूचे चार-पाच चेहरे पडलेले मी डोळ्यांनी पाहिले.

मरणाला भीत नाहीत. पथकाला भितात!

दरबार संपल्यावर गोविंदाला आत बोलावलं. दार लावलं. "सव्वीसपासून पथक फिरणार आहे. दिवसभर. ज्याच्या धुऱ्यावर तार, त्याला तिथूनच गाडीत घालणार. हे कोणाला सांगू नकोस हं!"

गोविंदाला गुपित सांगणं म्हणजे भोंगा लावणं. एवढ्या दिवसांत त्याचा हा उपयोग मला सुचला नव्हता.

पथक-बिथक काही नाही. निवडून आल्यापासून बरंच अर्धवट बोलले असेन, पण असं अख्खं खोटं पहिल्यांदाच. हात थरथरला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

धनजच्या बाजारात पथक आता तीन गाड्यांचं झालंय. सोबत ड्रोन आहे. मलाच एकानं दबक्या आवाजात सांगितलं, "ताई, जपून राह्यजा, मोठं पथक येते म्हन्ते." मी म्हटलं, "अगं बाई!"

पण काढल्या का तारा? विचारायची सोय नाही. विचारलं की परत "कोनती तार".

२२ जानेवारी, गुरुवार

स्वप्नात बटण मी दाबते.

२३ जानेवारी, शुक्रवार

तांड्यावर गेले, निमित्त सभामंडपाच्या फरशीचं. धुरे मोकळे! खुंट्यासुद्धा उपटलेल्या! देवला नाईकाच्या ओसरीत तारेचं वेटोळं, वर गोणपाट. मी पाहिलं, त्यानं पाहिलं की मी पाहिलं. दोघंही फरशीबद्दल बोललो.

रुपाबाई मात्र चिडलेली. "आता रोही आला तं तूच ये राखाले!"

"येते," म्हटलं. "खरंच येते." तिच्या गळ्यातच पडणार होते, पण बाई रागात होती.

अजून धीर धरवत नाही. एक तांडा झाला. बाकीचा फीडर?

२५ जानेवारी, रविवार

दिवसभर गोविंदाला घेऊन हिंडले. जिथवर गाडी जाते तिथवर गाडीनं, पुढं पायी. कार्यकर्त्यांना सांगितलं, उद्याच्या कार्यक्रमाची तयारी पाहतेय. पाहत होते धुरे. सगळीकडं साफ! एका ठिकाणी तर खुंट्यांची भोकं बुजवून वर शेण सारवलेलं – पथकाला वास लागू नये म्हणून असेल!

येताना आमचं वावर लागलं, फीडरच्या शेवटच्या टोकाला. राजपाल रस्त्यावर उभा होता. "वैनी, चहा घेऊन जा!" म्हणत होता. काचेतूनच हात हलवला. पाहुणे मुक्कामाला आले होते, उशीर झालेला.

घरी आले आणि भूक लागली! दोन भाकरी खाल्ल्या. आई नुसत्या बघत होत्या. म्हटलं, "आई, उद्या हरभऱ्याची भाजी करा ना." इतक्या खूश झाल्या. "झेंड्यावून तू येशीन, तवरोक खुडून आनतो."

आता झोपते. उद्या त्या बटणाला मी भिणार नाही.

२६ जानेवारी, सोमवार

तांड्यावरची पोरं सुखरूप घरी गेली. मंजूही. फीडरवर कोणाच्याच धुऱ्यावर तार नव्हती.

आमची मात्र राजपालनं काढली नव्हती. "आमदाराच्या वावरात कोनतं पथक येते वैनी..." एवढंच म्हणतोय, सकाळपासून.

धुऱ्यावर पडलेल्या आईंच्या ओटीत भाजी होती. खुडलेली.