माझ्या नावावरचे नऊ शोध

रविवार, ७ जून. सकाळी १०.४०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. दहा चाळीसला सूनबाईचा फोन. आवाज असा, की आजाऱ्याच्या उशाशी बसली आहे. ‘आई, तुम्ही घाबरू नका हं.’ मी कशाला घाबरेन? मी पडद्याची उसवलेली शिवण घालत होते.

तर — तिने त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी शोधायला घेतलं आणि आत माझे शोध निघाले. गुडघ्याचे व्यायाम. शब्दकोड्याची उत्तरं — हे तिला कळलं नसतं तर बरं झालं असतं. आणि दोन महिन्यांत नऊ वेळा — ‘विसरण्याच्या आजाराची पहिली लक्षणं’, ‘ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही’, या थाटाचं.

मी म्हटलं, असलं काही मी कधीही शोधलेलं नाही. मग अगदी मऊ आवाजात, ‘तेच ना, आई. तुम्हाला आठवत नाहीये.’

आता बोला!

मागून चिरंजीवांचा आवाज आला, ‘जाऊ दे ना, कशाला तिला.’ फोनवर यायची मात्र तसदी घेतली नाही.

सोमवार, ८ जून

उलगडा झाला. हा कॉम्प्युटर गेल्या वर्षी मुलानेच बसवून दिला, तेव्हा माझं वेगळं खातं न काढता स्वतःचंच लावलं. ‘तुला काही लक्षात ठेवायला नको, आई.’ त्यामुळे मी इथे जे शोधीन ते त्याच्या घरीही उमटतं. वर्षभर मी काचेच्या घरात राहत होते आणि पडदे शिवत होते.

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मुख्य नन, मदर सुपीरियर, आमची पत्रं उघडून वाचायच्या. पण आम्हाला समोर उभं करून, त्यांच्या कात्रीने. त्यात एक सभ्यपणा होता.

आणि हे कोणाच्या बाबतीत? मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली बारा सुपरवायझर म्हणून. लाइन जोडायची, आवाज पोचला एवढं बघायचं आणि कान काढून घ्यायचा. ज्या मुलीने कान लावला तिला मी दुसऱ्या दिवशी घरी बसवली आहे.

निर्णय — हा ब्राउझर बंद. दुसरा शोधायचा.

मंगळवार, ९ जून

ट्रंककॉलला बोलावलं. माझी एक्स्चेंजमधली मैत्रीण. समोर बसूनही दुसऱ्या गावाशी बोलल्यासारखी बोलते, म्हणून हे नाव. तिला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं आणि ते येत असल्याचं साऱ्या जिन्याला ऐकू जातं.

तिने एका वाक्यात समजावलं. ब्राउझर म्हणजे ऑपरेटर. तू नंबर सांगायचास, त्याने जोडून द्यायचा. ऑपरेटर बदलला म्हणून फोन बदलत नाही. हे मला वर्षापूर्वी कोणी सांगितलं असतं तर! म्हणजे माझ्याकडे एक चहाडखोर ऑपरेटर नोकरीला होता, तोही मुलाच्या वशिल्याने लागलेला.

तिने तीन उमेदवार उतरवून दिले. चित्रांवरून मी त्यांना नावं ठेवली — कासव, खार आणि घुबड.

बुधवार, १० जून

मुलाखती घेतल्या.

कासव: नावाला जागतं. बँकेचं पान उघडेपर्यंत माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला.

खार: चुणचुणीत, पण अखंड बडबड. ‘हे ठेवू का? ते अडवू का? तुमचं ठिकाण सांगू का?’ अगं बाई, तुला कामाला ठेवलं आहे की माझी सून केली आहे?

घुबड: गंभीर. विचारलं तेवढं आणून देतं. खिडकी बंद केली की काहीही आठवत नाही. सध्याच्या परिस्थितीत मला ‘काही आठवत नाही’ हा गुण वाटावा, यातली गंमत सांगायची तरी कोणाला?

शुक्रवार, १२ जून

दुपारी साडेतीनला सूनबाई आली. पाचला गेली. दीड तास माझ्यावरून डोळा हलवला नाही. ‘सहज आले हो’ म्हणाली आणि पर्समधून मापाची टेप काढली. माझं कपाट मोजलं. त्यांच्या मागच्या खोलीत बसतं म्हणे.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली आहे. शुक्रवार, २६ जून, सकाळी अकरा. ते जे सांगतील त्यावर ठरवू, असं म्हणाली. पण घराच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा आजच मागून घेतला. मग कपाळाला आठ्या न पडू देता विचारते, ‘आई, आज वार कोणता?’ मी वार सांगितला, तारीख सांगितली आणि तिच्या ओढणीवर डाग पडला आहे तेही सांगितलं.

ती गेल्यावर घरभर एक फेरी मारली. दोन खोल्या, एक गॅलरी. बत्तीस वर्षं. कपाट बसेल त्या खोलीत. मी नाही बसणार.

सोमवार, १५ जून

घुबडाला कायम केलं. ट्रंककॉलने फोनवरून पायऱ्या सांगितल्या (फोन कानापासून वीतभर लांब धरून). मध्ये घुबडाने विचारलं — जुन्या ब्राउझरमधलं सगळं आणायचं का? माझ्या व्यायामाच्या पानांच्या खुणा होत्या तिथे. म्हटलं, आण.

सगळं आलं. ती यादीसुद्धा. प्रत्येक शोधापुढे तारीख आणि वेळ, मिनिटासकट, जशी आम्ही एक्स्चेंजमध्ये परगावच्या प्रत्येक कॉलच्या चिठ्ठीवर घालायचो.

बघितली नाही. पण खिडकीही बंद केली नाही. खातं मुलाचं. त्याचंही काही असेल त्यात.

मंगळवार, १६ जून

बघितली. फक्त ते नऊ. माझ्या नावावर आहेत ना? मग माझी फिर्याद, माझा पुरावा. आणि माझ्याकडे ही रोजनिशी आहे. कुठे किती वाजता होते ते मी सवयीने लिहिते. सूनबाईला वाटतं ही रोजनिशी म्हणजे म्हातारीचा चाळा.

एकेक ताडून पाहिला. १४ एप्रिल, दुपारी बारा वीस — मी दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस. २९ एप्रिल, साडेअकरा — बँकेच्या रांगेत. ८ मे, सव्वाचार — व्यायामवाल्या बाईंकडे गुडघ्याला शेक, बाई साक्षीला. नऊच्या नऊ वेळा मी घरात नव्हते. जिंकले! पान भरून खुणा केल्या. सूनबाईला फोन लावायला उठले होते.

मग दिसलं, की नऊ नाहीत. दहा आहेत. दहावा नंतरचा, १२ जूनचा. दुपारी चार दहा.

‘वय सेहेचाळीस विसरणं नोकरी जाते का’

चार दहाला सूनबाई माझ्यासमोर बसून मला वार विचारत होती. म्हणजे मी नाही. तीही नाही. त्या खात्याला तिसरा माणूस एकच, आणि त्याला जानेवारीत सेहेचाळीस पूर्ण झाली.

बुधवार, १७ जून

इतकं रामायण होऊनही त्याच्या लक्षात राहिलं नाही, की ही यादी सगळ्यांना दिसते.

गुरुवार, १८ जून

परवापासून ते पान समोर आहे. इतका चोख पुरावा मी नोकरीतही कधी गोळा केला नव्हता. दहाव्या शोधाची साक्षीदार तर खुद्द सूनबाई. एक फोन केला की माझं घर माझ्याकडे राहतं.

मनातल्या मनात त्याला खूप बोलले. आईच्या अंगावर ढकलून गप्प बसलास. ‘जाऊ दे ना’ म्हणालास. लहानपणी काच फोडलीस की दुसऱ्यावर ढकलायचास, तेव्हाही असाच पाठमोरा उभा राहायचास. — मग आठवलं, तेव्हा तो घाबरलेला असायचा.

आधी ट्रंककॉलला पुसायची रीत तेवढी विचारून त्याच्या खात्यातून ते दहाही शोध पुसून टाकले. मग सूनबाईला फोन केला.

म्हटलं, होय, मीच शोधत होते. लाज वाटली म्हणून नाकारलं. ती रडायलाच लागली. ‘आई, आम्ही आहोत ना.’ वाईट नाही हो पोरगी. तपासणीला येते म्हटलं, पण अट एक — बरोबर तू नको, मुलाला पाठव. तुझ्यासमोर मला उत्तरं सुचणार नाहीत. हे तिला लगेच पटलं.

रविवार, २१ जून

तो आला होता. किल्ल्यांचा जुडगा परत देऊन गेला. ‘आई, तुझ्याकडेच राहू दे,’ एवढंच बोलला. माझ्याकडे बघितलं नाही. जाताना त्याच्या खिशात चिठ्ठी घातली. तिची नक्कल इथे ठेवते.

‘शुक्रवारी अकराला डॉक्टरांच्या खोलीत रुग्ण म्हणून तू बसणार आहेस. वेळ मी तुझ्या नावावर करून घेतली आहे. मी बाहेर बाकावर असेन. येतोस की नाही ते बुधवार, २४ जून, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळव. फोन करू नकोस. कागदावर, स्वतःच्या हाताने, आणि खाली सही कर. या वेळी माझ्या नावावर नको.’