आबांची जीभ आणि टर्बोचं चाक

माशिको, सोळा नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या तोकुजीचा कमरेत वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या अर्धाच. उरलेला अर्धा थंडी सरल्यावर.) तिकडे ओबिहिरोला एव्हाना बर्फ पडलं असेल. भावजींचा गुडघा कसा आहे? तू धाडलेले बटाटे पोचले. इकडे पर्सिमनची फळं सोलून वाळायला वळचणीला टांगली होती, त्यातली निम्मी कावळ्यांनी नेली. बाकी सर्व क्षेम. आबा माझ्याशी बोलले. मुळ्याचं लोणचं यंदा जरा खारट झालंय.

हो, बरोबर वाचलंस. बोलले. घरचं कुंभारकाम सोडून भट्टीच्या शेडमध्ये मी गाड्या उचलायचा जॅक बसवला, त्या दिवसापासून अकरा वर्षं आपल्या वडिलांनी माझ्याशी चकार शब्द काढला नव्हता. काही सांगायचंच झालं तर ते गल्लीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवर, कचरा उचलायच्या तारखांखाली लिहीत. तू सासरी, तुला त्याचा जाच काय ठाऊक! आबांचं घर पाटीच्या यादीत पहिलं, आणि माझं गॅरेज, मध्ये फक्त अंगण असूनही, नववं. ‘तोकुजीला सांगावे, न्हाणीघराचा नळ गळतो’ हा निरोप आठ घरांतून, वाचल्याचे आठ शिक्के घेऊन माझ्यापर्यंत यायचा. तोवर सातव्या घरच्या बाई वाटेत मला थांबवून विचारायच्या, ‘काय हो, नळाचं काय केलंत?’

तर झालं असं. चौथ्या घरातले होझुमी (निवृत्त पोस्टमास्तर. हयातभर सायकलवर सावकाश फिरले आणि आता त्यांना वेगाची हौस सुटली आहे) आपल्या जुन्या गाडीसाठी कुठूनसा एक वापरलेला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून वेग वाढवणारा पंखा, घेऊन आले. म्हणाले, ‘विकणारा शपथेवर सांगतोय की आतलं चाक धातूचं आहे. तेवढं बघा आणि हवेचा दाब वाढवून द्या राव.’ आता त्या काळच्या कित्येक गाड्यांत हे चाक सिरॅमिकचं, म्हणजे आपल्या भाजलेल्या मातीच्याच जातीचं, असायचं. हलकं, चटकन फिरणारं, पण दाब वाढवला की दांड्यापासून तुटून मोकळं होणारं. धातूचं असेल तर होझुमी उडणार, सिरॅमिकचं असेल तर इंजिन बसणार. म्हणजे नीट ओळखणं आलं.

मी ऐटीत लोहचुंबक आणलं. ते दांड्याला चिकटलं. मी म्हटलं, ‘धातू!’ मग पात्यांना लावलं, तर पडलं. मी म्हटलं, ‘सिरॅमिक!’ होझुमींनी दोन्ही वेळा मान डोलावली. मग मला आठवलं की दांडा पोलादी असतो, तो चिकटणारच, आणि धातूचं चाक निकेलच्या मिश्रणाचं असतं, त्याला चुंबक मुळात चिकटतच नाही. एवढी अक्कल चुंबक शोधायच्या आधी आली असती तर बरं झालं असतं. धातूच्या चाकाच्या टोकाला पाना बसेल असा नटासारखा उंचवटा असतो, सिरॅमिकचं टोक गुळगुळीत. इथे कुणा शहाण्याने टोकच घासून टाकलेलं. रंग पाहावा, तर काजळी इतकी बसलेली की रंग म्हणजे काळा. वजन करावं, तर ताडून पाहायला जोडीचं दुसरं चाक नाही. मी हात टेकले आणि उंबऱ्यावर जाऊन बसलो.

तेवढ्यात आबा अंगणातून आले. माझ्या हातातून चाक घेतलं. अंगठ्याने पुसलं, नखाने टिचकी मारून कानाशी धरलं, आणि ताई, चक्क जिभेला लावलं! कच्चा कप पारखताना लावतात ना, तस्संच. जीभ काळीकुट्ट. मग थेट माझ्याकडे बघून म्हणाले, ‘माती आहे. आणि भाजणाऱ्याला काम येत होतं.’

होझुमींचा चेहरा पडला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. (काजळीमुळे, असं मी होझुमींना सांगितलं.) दुसऱ्या दिवसापासून आबा रोज सकाळी चहा घेऊन गॅरेजात येऊन बसतात, चाक मांडीवर घेतात, आणि एवढ्या कडक भट्टीला किती तास लागले असतील त्यावर बोलतात. माझ्याशी! जॅकची उंची चुकली आहे, हेही सांगून झालं.

पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. काल ते जेवायला गेल्यावर मी चाकाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, कानशीचं टोक हलकेच फिरवलं. सिरॅमिकवर कानस घसरते. इथे लख्ख चकाकता ओरखडा उठला. धातू, ताई. शंभर टक्के धातू. एक्क्याऐंशी वर्षांची जीभ चुकली. खरं सांगितलं, तर होझुमी चाक घेऊन जातील आणि आबा पुन्हा पाटीवर जातील. नाही सांगितलं, तर होझुमींची गाडी सायकलच्याच वेगाने चालत राहील. काय करावं ते कळेना, म्हणून सहज पत्र लिहायला बसलो. भावजींना नमस्कार, मुलांना पापा, आणि बटाटे आणखी असतील तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
तोकुजी

ता. क. सहज नव्हे. भावजींची जुनी गाडी तुमच्या गोठ्यात पडून आहे, तिचा टर्बो मूळचा, म्हणजे चाक नक्की सिरॅमिकचं. तो काढून लगेच पाठव. आबांच्या मांडीवर तो ठेवीन आणि होझुमींना त्यांचा गुपचूप देईन. कुणाला काही कळायचं नाही.

ता. क. २. पाकीट डकवणार एवढ्यात पाटी आली. तारखांखाली आबांचं अक्षर: ‘तोकुजीला सांगावे, चाक धातूचे आहे, हे पहिल्या टिचकीलाच कळले होते. माती म्हटल्याशिवाय गॅरेजात बसायला मला काय निमित्त होते? होझुमींना त्यांचे चाक द्यावे. मी उद्याही येईन.’ खाली आठ शिक्के. चौथा होझुमींचा, जरा जोरातच मारलेला. ते आत्ता दारात उभे आहेत.

ता. क. ३. टर्बो तरीही पाठव. आबा आले की त्यांच्या हातात काहीतरी लागेल.